सामायिक हद्दीचे गणित

धरणाच्या भिंतीतील ताण किंवा यंत्रात पसरणारी उष्णता संगणकावर मोजताना लक्षावधी समीकरणे उभी राहतात. त्यांच्या सहगुणकांच्या चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात आणि तिच्यातील बहुतेक नोंदी शून्य असतात. उत्तराचा अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारत नेताना प्रत्येक टप्प्यावर मूळ प्रश्न ढोबळपणे, कमी खर्चात सोडवून त्या सुधारणेला वेग देणारी क्रिया म्हणजे प्रीकंडिशनर.

हे काम अनेक प्रोसेसरांत वाटण्याच्या एका प्रमुख पद्धतीचे मूळ संगणकपूर्व काळात आहे. अंशतः एकमेकांवर आलेल्या वर्तुळ आणि आयताच्या आकृतीवर लाप्लासच्या समीकरणाला उत्तर असतेच, हे हेर्मान श्वार्ट्झ यांनी 1870 मध्ये दाखवले, ते आळीपाळीने एकेका भागात उत्तर काढून आणि त्यातून दुसऱ्याच्या कडेवरील किमती ठरवून. आळीपाळीत एकाला थांबावे लागते. म्हणून 1987 मध्ये द्रिया आणि विडलुंड यांनी मांडलेल्या रूपात सर्व भाग, म्हणजे उपप्रदेश, एकाच वेळी सोडवून त्यांच्या दुरुस्त्यांची बेरीज केली जाते.

हाती आकृती नसून केवळ मॅट्रिक्स असेल, तरी उपप्रदेश जेथे एकमेकांवर येतात तो सामायिक पट्टा आखता येतो. ज्या दोन अज्ञातांना जोडणारी नोंद शून्येतर आहे ते शेजारी मानायचे, अज्ञातांची प्रथम काटेकोर वाटणी करायची आणि मग प्रत्येक गटात त्याचे सर्व शेजारी मिळवायचे, म्हणजे एक थर झाला. हीच कृती पुन्हा केली की दुसरा. हा विस्तार महाग पडतो: दहा बाय दहा बाय दहाच्या घनात 1000 अज्ञात असतात, पण कर्णरेषेतील शेजारीही धरले तर एका थराने ते 1728 आणि दोन थरांनी 2744 होतात. उलट पट्टा फारच अरुंद ठेवला, तर टप्प्यांची संख्या वाढते. शिवाय पट्टा कितीही रुंद केला तरी दूरच्या भागांतील माहिती हळूहळूच पोहोचते. उपप्रदेश पुष्कळ असतील, तर साऱ्यांना जोडणारा एक छोटा, ढोबळ प्रश्न सोबत सोडवावाच लागतो.

काई आणि सार्किस यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेली सुधारणा तर अनपेक्षितच म्हटली पाहिजे: पट्टा धरून सोडवायचे, पण दुरुस्ती मात्र मूळ वाटणीतील अज्ञातांपुरतीच ठेवायची. त्यामुळे प्रोसेसरांमधील देवाणघेवाण घटली आणि टप्पेही कमी झाले. अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘पेट्सी’ या आज्ञावली-संचात श्वार्ट्झ प्रकारचा प्रीकंडिशनर निवडून वापरणाऱ्याने आणखी काही वेगळे सांगितले नाही, तर हीच पद्धत आणि एकच थर वापरला जातो. बहुतेक प्रश्नांसाठी सुरुवात तेथूनच करणे शहाणपणाचे.