सगळे ग्रह एकाच बाजूने का फिरतात? जेऊरच्या ग्रहणापासून दूरच्या ताऱ्यांपर्यंत

आठवीच्या वर्गात सूर्यमाला शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "टीचर, सगळे ग्रह एकाच बाजूने का फिरतात? एखादा उलटा का नाही?"

लग्नाच्या दावतीत रुमाली रोटी करणारा आठवा. गोळा गरगर फिरवला की पसरून चपटा होतो. तारा जन्मतो तेव्हा भोवतीच्या वायू-धुळीचंही तसंच होतं. मध्ये तारा आणि भोवती फिरती तबकडी. त्या तबकडीतूनच ग्रह घडतात. म्हणून तारा ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो, त्याच दिशेने आणि जवळपास त्याच पातळीत ग्रहांनी फिरावं, अशी अपेक्षा असते. आपल्या सूर्याचं विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेशी फक्त 7 अंशांच्या आसपास कललेलं आहे.

पण दूरचा तारा मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा ठिपकाच दिसतो. मग त्याचं फिरणं कळणार कसं? याच्या उत्तराचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहे. 22 जानेवारी 1898 रोजी करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे तळ ठोकून होते. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाच्या दोन्ही बाजूंचा प्रकाश तपासून ते कसं फिरतं, हे मोजायचा प्रयत्न कॅम्पबेल यांनी केला. तत्त्व सोपं आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश किंचित निळसर होतो, लांब जाणाऱ्या बाजूचा किंचित लालसर.

आता ग्रह ताऱ्यासमोरून जातोय असं समजा. तो आधी निळसर बाजू झाकतो, तेव्हा ताऱ्याचा एकूण प्रकाश जरा लाल वाटतो. मग लालसर बाजू झाकतो, तेव्हा जरा निळा. हा क्रम पाहून ग्रह सरळ जातो, तिरका जातो की उलटा, ते कळतं. 1924 मध्ये रॉसिटर आणि मॅक्लॉफ्लिन यांनी जोडताऱ्यांमध्ये हा परिणाम दाखवला.

गुरूएवढ्या मोठ्या ग्रहांचं हे मोजणं त्यामानाने सोपं. त्यांच्यातले बरेच तिरके निघाले, काही तर उलटेच. छोटा ग्रह मात्र ताऱ्याचा अगदी थोडा भाग झाकतो. पृथ्वी सूर्याचा जेमतेम बारा हजारावा भाग झाकेल. तरीही '55 कॅन्क्री ई' या पृथ्वीच्या साधारण दुप्पट रुंद ग्रहाचं मोजमाप झालं. त्याचं वर्ष 18 तासांहूनही कमी, आणि कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या जवळपास पातळीत. 'ट्रॅपिस्ट-1' चे पृथ्वीएवढे ग्रहही सरळच वाटतात. म्हणजे त्यांच्या घरात फार उलथापालथ झाली नसावी.

पण नियमाला अपवाद आहेच. 'के2-290' ताऱ्याचे दोन ग्रह, एक लहान आणि एक मोठा, एकाच पातळीत असूनही ताऱ्याच्या उलट दिशेने फिरतात. हे 2021 मध्ये जाहीर झालं. तिथे बहुधा सोबतच्या ताऱ्याच्या ओढीने अख्खी तबकडीच कलंडली होती.

तेव्हा त्या मुलीला आम्ही सांगितलं, "बेटा, उलटे फिरणारेही आहेत. तुझा प्रश्न बरोबर होता."

पुण्याला रेल्वेने जाताना जेऊर स्टेशन लागतं. पुढच्या वेळी मुलांना खिडकीतून नक्की दाखवा.