सहीआधीची आठ नावं

सकाळी 7:00
फेब्रुवारी 2025. वाकडच्या खोलीवर प्लास्टरची टोळी डबे भरतेय. चार गवंडी, चार बिगारी. गवंड्याची हजेरी 1,000, बिगाऱ्याची 700. ठेकेदाराला सगळे अण्णा म्हणतात. थाप्या, रंधे, ओळंबे पोत्यात गेलेत. अण्णा आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा करताहेत. सात मजली इमारतीचं बाहेरचं प्लास्टर मिळालंय, चार महिन्यांचं काम. करारावर सही दुपारी.

9:30
एजंटचा गाळा. डब्ल्यूसी, म्हणजे कामगार भरपाईच्या विमा पॉलिसीचा फॉर्म पुढ्यात. काम कोणतं, साइट कुठली, उंची किती, माणसं किती, पगार किती. अण्णा माणसांच्या रकान्यात 5 लिहितात. एजंट कॅल्क्युलेटर दाबतो. पाच जणांचा प्रीमियम, 18 टक्के जीएसटी धरून, 10,799. आठ जणांचा 16,690. फरक जवळपास सहा हजारांचा. एका गवंड्याची सहा दिवसांची हजेरी.

"अण्णा, सहावा पडला तर कंपनी विचारणार, हा कुणाचा?"

अण्णा पेन हातात धरून बसतात. मग 5 खोडतात, 8 लिहितात, बाजूला सही करतात. उंचीही खरी लिहितात.

10:15
एजंट पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडतो. गवंडी 35 वर्षांचा. महिन्याला 26 हजेऱ्या, म्हणजे 26,000. पण भरपाईसाठी 2020पासून जास्तीत जास्त 15,000च धरतात. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, 7,500. त्याला वयाचा गुणक, 197.06. उत्तर 14,77,950. औषधपाण्याच्या खर्चासाठी पॉलिसीत वेगळं कलम घ्यायचं का, हे अण्णा दोनदा विचारतात. घेतात. त्याचे पैसे वेगळे.

11:00
पैसे मोबाइलवरून जातात. प्रीमियम पोचल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, 1938च्या विमा कायद्यातलं ते 64 व्हीबी कलम. पॉलिसी आली की एजंट छापून देतो. अण्णा साइटचा पत्ता बोटानं वाचतात. चुकलेला सर्व्हे नंबर तिथंच दुरुस्त करून घेतात.

दुपारी 1:30
बिल्डरचं ऑफिस. कराराचं काम पाहणाऱ्या मॅडम आधी पॉलिसी मागतात. मुदत कराराइतकी आहे ना? साइट तीच ना? माणसं किती? ठेकेदाराचा माणूस कामावर जखमी झाला तर 1923च्या भरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बिल्डरकडेही मागणी येते. बिल्डर भरतो आणि ठेकेदाराकडून वसूल करतो. म्हणून आधी कागद, मग सही. दर ठरलेलाच, चौरस फुटाला 38. विम्याचे पैसे त्यातूनच जायचे. अण्णा वाढवून मागतात. मॅडम मान हलवतात, नाही. अण्णा सही करतात.

4:00
साइट. बांबू उतरलेत. टोळी परांची बांधायला घेते. दोरीची गाठ मारली की मुकादम अंगाचा भार टाकून ओढून बघतो. एक गाठ सुटते. तो बिगाऱ्याला ती पुन्हा मारायला लावतो.

6:15
हजेरी लागते. दोघं पाचशेची उचल मागतात, अण्णा देतात. मुकादमाचा भाचा गावाहून आलाय.

"अण्णा, उद्यापासून घेऊ ह्याला?"

"घेऊ. आधी आधार दे. नाव पॉलिसीत चढू दे, मग वर चढव."

अण्णा एजंटला फोन लावतात.