बोलावणं आलं, पण जायचं कुठे?

शार्लटच्या विमानतळावर भारतातून आलेले आईबाबा, सासूसासरे आणायला आपण सगळेच जातो. जाताना बिली ग्रॅहम पार्कवे लागतो. मी या रस्त्यावरून बरीच वर्षं ये-जा करतोय. ग्रॅहम म्हणजे कुणीतरी मोठे ख्रिस्ती धर्मप्रचारक, एवढंच मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी एका नकारामुळे त्यांच्याबद्दल वाचायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

झालं असं की, आपल्या मंडळाच्या कार्यक्रम समितीत मी होतो. पुण्याकडचे एक कीर्तनकार बुवा अमेरिकेत येणार असल्याचं कळलं. मी लगेच ईमेल पाठवली. हॉलमध्ये खुर्च्या किती, पार्किंग किती, साउंड सिस्टीम कोणती, मानधन किती, सगळं व्यवस्थित तक्त्यात मांडलं. बुवांनी उत्तरात दोनच प्रश्न विचारले: "बोलावणारे तुम्ही किती जण आहात? आणि मी गेल्यावर पुढे काय करणार आहात?" मला उत्तर सुचेना. मी पुन्हा खुर्च्यांचा आकडा कळवला. बुवांनी नम्रपणे नकार दिला आणि ते दुसऱ्या एका लहान गावात गेले. खरं सांगतो, मला राग आला होता.

दिवाळीच्या फराळाला आमच्या मंडळातल्या एका काकांजवळ मी हे बोललो. काका अहमदनगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. ते हसले आणि म्हणाले, "अरे, ज्याच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जातोस, तो माणूस हेच प्रश्न विचारायचा. वाच जरा."

मग वाचलं. बिली ग्रॅहम यांचा जन्म १९१८ साली शार्लटजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरी झाला. म्हणूनच पार्कवेजवळची त्यांच्या नावाची वास्तू गोठ्याच्या आकाराची आहे. २०१८ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या सभा एका दिवसाच्या नसत. १९४९ साली लॉस एंजेलिसमध्ये तंबू ठोकून त्या आठ आठवडे चालल्या आणि त्यानंतर त्यांचं नाव देशभर झालं. मग जगभरातून बोलावणी येऊ लागली. एकटा माणूस, दिवस मोजके. निवड करायची कशी?

ते आणि त्यांचे सहकारी प्रार्थना करून निर्णय घेत, हे पहिलं. श्रद्धेच्या माणसाच्या बाबतीत ते वगळून चालणार नाही. पण प्रार्थनेच्या जोडीला त्यांच्या काही ठाम अटी होत्या.

पहिली अट, बोलावतंय कोण? एखाद्या श्रीमंत माणसाचं किंवा एकाच गटाचं बोलावणं पुरेसं नसे. शहरातल्या निरनिराळ्या पंथांच्या पुष्कळ चर्चनी मिळून बोलवावं, असा त्यांचा आग्रह असे. न्यूयॉर्कचंच उदाहरण घ्या. सुरुवातीला आलेली बोलावणी एकाच विचाराच्या कडव्या मंडळींची होती, ती त्यांनी घेतली नाहीत. पुढे शहरातल्या प्रोटेस्टंट कौन्सिलने बोलावलं, तेव्हा होकार दिला. १९५७ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या सभा १६ आठवडे चालल्या. पण या होकारामुळे जुने कडवे समर्थक दुरावले. उदारमतवाद्यांच्या पंगतीला बसलात, असा त्यांचा आक्षेप होता. बोलावणाऱ्यांची यादी वाढवायची तर कुणीतरी नाराज होणारच, हे ग्रॅहम यांनी पत्करलं.

दुसरी अट पैशाची. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो या गावी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःसाठी नियम ठरवले. फिरते प्रचारक कशामुळे बदनाम होतात, याची यादीच त्यांनी केली. चार गोष्टी निघाल्या: पैसा, परस्त्री, स्थानिक चर्चवर टीका आणि गर्दीचे फुगवलेले आकडे. पण नियम करूनही पैशाचा डाग लागायचा राहिला नाही. १९५० साली अटलांटातल्या सभा संपल्यावर तिथल्या वर्तमानपत्राने दोन फोटो छापले. एकात देणग्यांनी भरलेल्या पिशव्या, दुसऱ्यात निरोपाचा हात हलवणारे हसरे ग्रॅहम. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजलं. तोवर शेवटच्या दिवशीची देणगी प्रचारकाला द्यायची रीत होती. ग्रॅहम यांनी ती सोडली आणि १९५२ पासून आपल्या संस्थेकडून ठरलेला पगार घेऊ लागले, वर्षाला १५,००० डॉलर. शहरातल्या मोठ्या चर्चच्या पाळकाला मिळेल तेवढाच. सभेचा खर्च, जमा आणि हिशेब स्थानिक समितीने सांभाळायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणी किती मोठी सुपारी देतंय, यावर गाव ठरणं बंद झालं. मी एमबीए करताना प्रोत्साहनपर मोबदल्यावर एक अख्खा विषय शिकलोय. तो मोबदला काढून टाकला की निर्णय स्वच्छ होतो, हे मला इथे कळलं.

तिसरी अट, श्रोते कसे बसणार? १९५३ साली टेनेसीतल्या चॅटानुगा इथे गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांच्या मध्ये दोर बांधले होते. ग्रॅहम यांनी ते स्वतः जाऊन काढले. चिडून तिथल्या मुख्य स्वयंसेवकाने काम सोडलं. मात्र त्याच वर्षी पुढे डॅलसमध्ये त्यांनी वेगळी आसनव्यवस्था चालवून घेतली, हेही सांगायला हवं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि त्यानंतर त्यांनी तडजोड थांबवली. दक्षिण आफ्रिकेची बोलावणी त्यांनी वर्षानुवर्षं नाकारली. सगळ्या वर्णांचे लोक एकत्र बसतील, हे मान्य झाल्यावरच १९७३ साली ते डर्बन आणि जोहान्सबर्गला गेले. बोलावणाऱ्याला तुम्ही हवे असता तेव्हाच तुमच्या अटीला वजन असतं. एकदा विमानात बसलात की ते संपलं.

चौथी अट म्हणजे आमच्या बुवांचा प्रश्न, पुढे काय? सभेच्या कितीतरी महिने आधी ग्रॅहम यांची माणसं त्या शहरात जाऊन राहत. स्थानिक चर्चमधल्या स्वयंसेवकांना शिकवत. सभेत जो पुढे येईल त्याच्याशी कुणीतरी बसून बोलायचं, त्याचं नाव आणि पत्ता लिहून घ्यायचा आणि तो गावातल्या चर्चकडे सोपवायचा. प्रचारक तर निघून जाणार. म्हणून सांभाळणारे हात आधी तयार लागत.

एवढं करूनही सगळं हातात नसतं. जानेवारी १९५६ मध्ये ग्रॅहम भारतात आले. तेव्हा मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून शहर पेटलं होतं, गोळीबार चालू होता. मुंबईतली त्यांची मोठी जाहीर सभा रद्द झाली. आपले आजीआजोबा ज्या दिवसांबद्दल सांगतात, तेच हे दिवस.

आणि प्रत्येक होकार निर्विवाद होता असंही नाही. १९८२ साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने मॉस्कोतल्या शांतता परिषदेला बोलावलं. सोव्हिएत सरकार तुमचा वापर करून घेईल, असं अमेरिकेतल्या अनेकांनी बजावलं. ते गेले, तिथल्या चर्चमध्ये उपदेश केला. पण तिथल्या धर्मस्वातंत्र्याबद्दल मवाळ बोलले म्हणून घरी परतल्यावर भरपूर टीका झाली. दोन वर्षांनी त्यांना सोव्हिएत संघातल्या आणखी शहरांत बोलायला मिळालं. होकार बरोबर होता का? माझ्या ओळखीच्या दोन ख्रिस्ती मित्रांची यावर आजही दोन मतं आहेत.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. लॉस एंजेलिसच्या त्या गाजलेल्या सभांनंतरची आठवण ग्रॅहम यांनी आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. नातेवाइकांजवळ एक लहान मुलगी दिसली. हे बाळ कुणाचं, असं त्यांनी विचारलं. ती त्यांचीच मुलगी होती. उतारवयात त्यांनी कबूल केलं की आपण फार ठिकाणी बोलत फिरलो. अभ्यास आणि घर यांना जास्त वेळ द्यायला हवा होता. इतके नियम केले, पण घरचे किती दिवस जातील याला तितकी कडक अट कधी लावलीच नव्हती.

श्रोतेहो, मी कन्सल्टंट आहे. कित्येक वर्षं सोमवारी पहाटे विमान आणि गुरुवारी रात्री घर, असं चाललंय. कोणतं प्रोजेक्ट घ्यायचं ते मी दर, क्लायंटचं नाव आणि पुढचं प्रमोशन बघून ठरवत आलो. हे वाचून झालं त्या रात्री मी लेकीला विचारलं, "तुझ्या शाळेतले किती कार्यक्रम माझे चुकले?" ती म्हणाली, "बाबा, मी मोजणं सोडून दिलं." गोठ्याच्या आकाराच्या त्या वास्तूवरून जाताना आता दर वेळी मला तिचं वाक्य आठवतं.

तेव्हा या वर्षी दोन गोष्टी करतोय. घरात कॅलेंडर लावलंय. त्यावर लेकीच्या तारखा आधी लिहायच्या, मगच क्लायंटला हो म्हणायचं. आणि बुवांना पुन्हा ईमेल लिहिलीय. या खेपेला खुर्च्यांचा आकडा नाही. गुजराती समाजाची भजनी मंडळी आणि जवळच्या गावातलं मराठी मंडळ आमच्याबरोबर बोलावणार आहेत, त्यांची नावं आहेत. बुवा गेल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांचा अभंगवर्ग चालेल आणि तो कोण घेणार, तेही लिहिलंय.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं की याच कार्यक्रमात सांगेन. तुमच्यापैकी कुणाला अभंगवर्गाला हात द्यायचा असेल, तर येत्या शनिवारी मंडळात भेटा.