संकटग्रस्त वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनाचे नियोजन : नान्नज माळढोक अभयारण्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या मुरूम परिसरात आणि त्याच्या पश्चिमेला सोलापूरपर्यंत पसरलेल्या पठारावर हलक्या, मुरमाड जमिनीचे पट्टे आढळतात. पावसाचे प्रमाण कमी व मातीचा थर उथळ असल्याने येथे दाट जंगल वाढत नाही. कुसळी, मारवेल, पवन्या अशी गवते, अधूनमधून बोरी-बाभळी आणि त्यांवर चरणारी मेंढरे हे या भूमीचे स्वाभाविक रूप होय. बोलीभाषेत अशा जमिनीला माळ म्हणतात. प्रशासकीय भाषेत मात्र तिची गणना बहुधा 'पडीक' जमिनीत होते. माळढोक या पक्ष्याच्या ऱ्हासाचे एक महत्त्वाचे कारण या एका शब्दात दडलेले आहे.

सन १९६९ च्या सुमारास भारतात माळढोक पक्ष्यांची संख्या १२६० च्या आसपास असावी, असा अंदाज होता. सन २०१८ पर्यंत ती १५० च्या घरात आली. सन २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या पक्ष्याचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' वर्गात केला. उरलेले बहुतांश पक्षी आज राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. एकेकाळी माळढोकचे हक्काचे ठिकाण असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे अलीकडच्या वर्षांत एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते. कायद्याचे संरक्षण व अभयारण्याचा दर्जा असूनही असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) पुनरुज्जीवन नियोजनाची संकल्पना स्पष्ट करणे.
२) नान्नज अभयारण्याच्या अनुभवाचे विश्लेषण करणे.
३) दख्खनच्या माळरानासाठी नियोजनाचा योग्य क्रम सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून मांडणी विवेचनात्मक पद्धतीने केली आहे.

संकल्पना : संरक्षण आणि पुनरुज्जीवन

संरक्षण आणि पुनरुज्जीवन हे शब्द अनेकदा समानार्थी वापरले जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत फरक आहे. संरक्षण म्हणजे जे शिल्लक आहे ते राखणे. पुनरुज्जीवन म्हणजे घट कोणत्या कारणाने होत आहे ते शोधणे, ते कारण दूर करणे आणि बाहेरच्या मदतीशिवाय टिकेल इतकी संख्या पुन्हा निर्माण करणे. अमेरिकेत सन १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात १९७८ साली दुरुस्ती होऊन अशा आराखड्याची तरतूद झाली. भारतात 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' या केंद्रीय योजनेत सन २००८-०९ पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवनाचा स्वतंत्र घटक आहे व माळढोकचा त्यात समावेश आहे.

कारणाचा शोध नेमका लागला तर उपाय किती थेट होतो, याचे उदाहरण गिधाडांचे आहे. गिधाडे झपाट्याने मरू लागली तेव्हा आरंभी रोगाचा संशय होता. सन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध त्यास कारणीभूत असल्याचे दाखविले व सन २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. माळढोकच्या बाबतीत कारण असे एक नाही. ती अनेक कारणांची गुंफण आहे. म्हणूनच कोणते कारण सर्वांत घातक, हे ठरविणे नियोजनात अपरिहार्य ठरते.

मृत्युदराचे गणित :

माळढोकची मादी साधारणतः एका वेळी एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते व सुमारे २७ दिवस उबवते. कुत्री, कोल्हे, मुंगूस, घोरपड यांच्यापासून ते वाचविणे सोपे नसते. मंद गतीने वाढणारी अशी प्रजाती प्रौढ पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर तगून राहते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, मादी दरवर्षी एक अंडे घालते, चार अंड्यांमागे एक पक्षी प्रौढ होतो आणि त्यांत निम्म्या माद्या असतात. म्हणजे आठ अंड्यांमागे एक प्रौढ मादी तयार होते. प्रौढांचा वार्षिक मृत्युदर ५ टक्के असल्यास मादीचा सरासरी प्रजननकाळ २० वर्षांचा होईल व ती आपल्यामागे सरासरी अडीच माद्या ठेवील. मृत्युदर २० टक्के झाला तर प्रजननकाळ ५ वर्षांवर येईल आणि ती आपल्या जागी एकही पूर्ण मादी ठेवू शकणार नाही. ही तूट केवळ अंडी राखून भरून काढायची झाल्यास पाच अंड्यांपैकी दोन पक्षी प्रौढ व्हावे लागतील. उघड्या माळावर हे अवघड आहे.

हे उदाहरण वास्तवापासून फार दूर नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थर भागातील सुमारे १३० पक्ष्यांपैकी दरवर्षी १८ पक्षी विजेच्या तारांना धडकून मरत होते. हे प्रमाण जवळपास १४ टक्के होते व ते नैसर्गिक मृत्यूंव्यतिरिक्त होते. माळढोक वजनदार असतो व त्याची समोरची दृष्टी मर्यादित असल्याने तार जवळ आल्यावर त्याला चटकन वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा व्यापक आदेश दिला होता. अपारंपरिक ऊर्जेची गरज लक्षात घेऊन मार्च २०२४ मध्ये तो बदलण्यात आला व तज्ज्ञ समिती नेमली गेली. संवर्धन आणि विकास यांतील तोल क्षेत्रनिहाय साधावा लागतो, हे यातून दिसते.

नान्नजचा अनुभव :

सन १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारे ८४९६ चौ. कि.मी. क्षेत्रावर माळढोक अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळाने ते प्रचंड होते. परंतु त्यात गावे, शहरी वस्ती, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या. वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यातील माळरान नान्नज, मार्डी, अकोलेकाटी अशा ठिकाणी लहान लहान तुकड्यांत विखुरलेले होते. परिणामी जेथे पक्षी कधी उतरत नव्हता तेथेही जमीन व्यवहार, बांधकाम, उद्योग यांवर निर्बंध आले. माळढोक म्हणजे आपल्या सात-बाऱ्यावरचे संकट, अशी भावना लोकांत रुजली. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १२२२ चौ. कि.मी. करण्यात आले, परंतु तोपर्यंत पक्ष्यांची संख्या अत्यल्प झाली होती आणि लोकांचा विश्वासही ओसरला होता.

दुसरा बदल शेतीत झाला. ज्वारी, बाजरी, करडई, भुईमूग या कोरडवाहू पिकांत माळढोक सहज वावरत असे. त्यांतील किडे व दाणे हे त्याचे खाद्य होते. उजनीचे पाणी, कूपनलिका व ठिबक सिंचन आल्यावर ऊस आणि द्राक्षबागा वाढल्या. ज्या नान्नजचे नाव पक्षीप्रेमींना माळढोकमुळे माहीत आहे, तेच नान्नज द्राक्ष बागायतदारांना 'सोनाका' या वाणामुळे माहीत आहे. नानासाहेब काळे यांनी विकसित केलेल्या या वाणाच्या नावातच सोलापूर, नान्नज व काळे यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. या प्रगतीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. दुष्काळी भागातील शेतकऱ्याने समृद्धीचा मार्ग स्वीकारला. आराखड्यात मात्र कोरडवाहू शेती टिकवणाऱ्यास कोणताही मोबदला नव्हता.

तिसरी बाब वृक्षारोपणाची आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली माळावर कुंपण झाले, चराई थांबली, गवत वाढले. हा लाभ निश्चित होता. परंतु त्याचबरोबर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांसारखी झाडेही लावली गेली. दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या पक्ष्यास झाडांची दाटी मानवत नाही. काळवीट मात्र याच क्षेत्रात चांगले वाढले. एकाच कुंपणात एका प्रजातीची भरभराट व दुसरीचा ऱ्हास होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

पैदास केंद्र : उपाय की विमा?

राजस्थानात सम व रामदेवरा येथील केंद्रांत रानातून आणलेल्या अंड्यांपासून माळढोकची पैदास सन २०१९ पासून सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. केंद्रांतील संख्या आता पन्नासच्या पुढे गेली आहे. हे यश मोठे आहे, पण ते विम्यासारखे आहे. ऱ्हासाचे मूळ कारण त्याने दूर होत नाही. कॅलिफोर्नियाचे काँडोर गिधाड सन १९८२ मध्ये केवळ २२ उरले होते. पिंजऱ्यातील पैदाशीनंतर सन १९९२ पासून ते निसर्गात सोडले गेले. मात्र शिकारीच्या गोळ्यांतील शिशाची विषबाधा तशीच राहिल्याने त्यांचे मृत्यू चालूच राहिले. ओमानमध्ये अरबी ओरिक्स हे हरीण सन १९८२ मध्ये पुन्हा वाळवंटात सोडले गेले. पुढे चोरट्या शिकारीने त्याची संख्या खालावली, सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटविले आणि सन २००७ मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा यादीतून वगळले गेले. प्राणी परतला, पण त्याला जागा देणारी व्यवस्था परतली नाही.

सुचविलेला क्रम :

उपरोक्त विवेचनावरून दख्खनसाठी पुढील क्रम योग्य वाटतो. प्रथम, माळढोक ज्या मार्गांनी वावरत असे तेथील वीजवाहिन्या भूमिगत करणे किंवा त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशी दर्शके लावणे आणि भटक्या कुत्र्यांचे नियंत्रण करणे. दुसरे, लहान पण सलग माळराने झाडोऱ्यापासून मुक्त ठेवणे व मेंढपाळांशी ठरवून हंगामी चराई चालू ठेवणे. तिसरे, कोरडवाहू पिके राखणाऱ्या शेतकऱ्यांस निश्चित मोबदला देणे. चौथे, सरसकट अभयारण्याऐवजी सन २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आलेल्या 'समुदाय राखीव क्षेत्र' या तरतुदीचा विचार करणे. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाच्या सहभागाने तणमोरच्या माळरानाचे जतन करीत आहे. जे हात शिकारीत निष्णात होते त्यांचेच ज्ञान तेथे संवर्धनास उपयोगी पडले. हे सर्व झाल्यावरच पाचवी पायरी, म्हणजे पैदास केंद्रातील पक्षी आणून सोडणे, अर्थपूर्ण ठरेल.

निष्कर्ष :

नान्नजच्या अनुभवातून असे दिसते की नकाशावरील मोठे क्षेत्र, कडक निर्बंध आणि सदिच्छा यांच्या बेरजेतून पुनरुज्जीवन घडत नाही. घट कोठे होते आहे याचे अचूक निदान व त्या जमिनीवर जगणाऱ्यांची संमती या दोन पायांवर आराखडा उभा राहतो. राजस्थानातील केंद्रांत वाढणाऱ्या पक्ष्यांना उद्या दख्खनमध्ये आणायचे ठरले तर त्यांच्यासाठी माळ शिल्लक असेल काय, याचे उत्तर आजच्या जमीन वापरावर अवलंबून आहे. या कामी ग्रामीण महाविद्यालयांना हातभार लावता येईल. भूगोल, प्राणिशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी मिळून आपल्या तालुक्यातील माळरानाची, पीकबदलाची आणि चराईची दरवर्षी नोंद ठेवली तर नियोजनास आवश्यक असलेली माहिती स्थानिक पातळीवरच उपलब्ध होईल. त्या नोंदवहीत माळास 'पडीक' न म्हणता 'माळ' म्हणणे, ही त्याची पहिली ओळ ठरावी.