एक तलाव, दोन फोटो

मुंबई–कोलकाता महामार्गावर, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या आणि आताच्या 53 क्रमांकाच्या रस्त्यावर, सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा लागतं. इथून एक फाटा गोंदियाकडे जातो, दुसरा नवेगावबांधकडे. सुटी काढून निघालेल्या जोडप्यांच्या यादीत नवेगावचा तलाव असतो, इटियाडोहचं धरण असतं, चुलबंद नदी असते आणि पाऊस चांगला झाला असला तर पार सालेकसा तालुक्यातला, दरेकसाजवळचा हाजरा धबधबाही असतो. दोन दिवसांत चार ठिकाणं आणि शे-दोनशे फोटो. घरी येऊन पाहावं, तर नवेगाव कोणतं आणि इटियाडोह कोणतं हे ओळखू येत नाही. सगळीकडे वर पांढरट आकाश, खाली राखाडी पट्टा आणि मध्ये दोन हसरे चेहरे. मग दोष मोबाइलला दिला जातो, किंवा पुढच्या वेळी आणखी लांबचं पाणी शोधायचं ठरतं. माझ्या मते दोष या दोन्हींत नाही. डोंगराचा, देवळाचा किंवा झाडाचा फोटो बराचसा त्या वस्तूवर ठरतो. पाण्याला मात्र स्वतःचं असं एक ठरलेलं रूप नसतं. फोटोत काय उतरणार, हे कॅमेरा पाण्याकडे कोणत्या कोनातून आणि किती वेळ पाहतो यावर ठरतं. त्यामुळे चार पाणवठे पालथे घालण्यापेक्षा एकाच पाळीवर चार पावलं इकडेतिकडे सरकून जास्त हाती लागतं.

शांत पाण्याचा पृष्ठभाग एकाच वेळी आरसाही असतो आणि खिडकीही. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 2 टक्के परत फिरतो, बाकीचा पाण्यात शिरतो. नजर तिरपी होत जाते तसा हा हिशेब बदलतो, आणि तो सावकाश नाही, शेवटी शेवटी झपाट्याने बदलतो. पाण्याच्या काठाशी उभ्या माणसाचा कॅमेरा पाण्यापासून पाच फूट उंच आहे असं धरू. पाच फुटांवरच्या पाण्याकडे पाहिलं, तर परावर्तन सुमारे 3 टक्के. तिथे खिडकी उघडी असते. तळाचा चिखल, पाणवनस्पती, मासे दिसतात. तोच कॅमेरा 28 फुटांवरच्या पाण्याकडे वळवला, तर परावर्तन सुमारे 35 टक्क्यांवर जातं, आणि त्याच्या खूप पलीकडचं पाणी जवळजवळ निव्वळ आरसा होतं. म्हणजे तलावाच्या फोटोत ज्याला आपण पाणी समजतो, त्याचा मोठा भाग खरं तर आकाश असतो. दुपारचं आकाश पांढरट असेल तर पाणीही पांढरट येणारच. नवेगावचा तलाव कितीही देखणा असला, तरी त्या वेळी तो आपलं रूप कॅमेऱ्याला देतच नसतो.

ही गुंतागुंत सोडवण्याचं एक सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचं मत होतं. 1921 साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी एका साध्या उपकरणाने ते तपासलं. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात पूर्णपणे ध्रुवीभूत होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच प्रतलात उरतात. हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांचा. त्या कोनातून हे उपकरण, म्हणजे निकोल प्रिझम, योग्य तऱ्हेने फिरवून पाहिलं की वरचं प्रतिबिंब विझतं आणि फक्त पाण्याच्या आतून येणारा प्रकाश उरतो. रामन यांना आकाश पुसलं गेल्यावरही समुद्र निळाच दिसला. त्यांनी त्याचं कारण पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणात शोधलं. पाणी लाल प्रकाश जास्त शोषतं, हा त्यातला दुसरा मोठा भाग पुढे अधिक स्पष्ट झाला. फोटोग्राफर भिंगापुढे जो पोलरायझर फिरवतात, तो त्याच निकोल प्रिझमचं काम करतो. पाच फूट उंचीवरून हा 53 अंशांचा कोन साधारण साडेसहा फुटांवरच्या पाण्यावर पडतो. पोलरायझर नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच मोबाइलच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवावी. एका हाताने मोबाइल, दुसऱ्याने गॉगल, हे जमणं कठीण. सोबत कुणी असल्याचा असाही एक उपयोग.

आरसा हवा असेल तर उलटं करायचं: खाली वाकायचं. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याचीच उलटी प्रत, अशी आपली समजूत असते, पण ती चूक आहे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे, तितक्याच खोल पाण्याखाली बसून कुणी वर पाहिलं असतं, तर जे दिसलं असतं ते प्रतिबिंबात दिसतं. नवेगावच्या तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाळीवर उभं राहून पाहिलं तर काठच्या झाडांमागे या टेकड्या ऐटीत दिसतील. प्रतिबिंबात मात्र तीच झाडं टेकड्यांचा बराच भाग झाकून टाकतील. कॅमेरा पाण्याच्या जेवढा जवळ नेऊ, तेवढा हा फरक कमी होतो. उंच नवरा आणि ठेंगणी बायको (किंवा उलट) शेजारी उभे राहून एकाच क्षणी फोटो काढत असतील, तरी त्यांची प्रतिबिंबं एकसारखी येत नाहीत. मावळतीच्या वेळी पाण्यावर जो सोन्याचा पट्टा पडतो, तोही ज्याचा त्याचा. लहान लहान लाटांचे जे तिरपे पैलू सूर्याला नेमके आपल्या डोळ्यात पाठवतात, त्यांचा मिळून आपला पट्टा होतो. शेजारच्याचे पैलू वेगळे. वारा वाढला की पट्टा रुंदावतो. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मुंक यांनी हवाई बेटांजवळ विमानातून अशा चकाकीचे फोटो काढून त्यावरून लाटांचे उतार मोजले, त्यांचा वाऱ्याशी संबंध लावला आणि 1954 साली तो प्रसिद्ध केला. उपग्रहांच्या प्रतिमांवरून समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना आजही ते काम लागतं. आपण ज्याला ‘सनसेटचा फोटो’ म्हणून सोडून देतो, त्यात वाऱ्याची नोंद असते ती अशी.

धबधब्यापाशी कोनाइतकाच वेळही बोलू लागतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर 15 मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं शटर उघडलं तर तेवढ्यात ते पाणी पावणेदोन सेंटिमीटर सरकतं, आणि फोटोत थेंब, तुषार, फाटलेल्या धारा दिसतात. पाव सेकंद उघडं ठेवलं तर ते चार मीटरहून जास्त अंतर कापतं, आणि धबधबा धुक्याच्या पडद्यासारखा उतरतो. या रेशमी धबधब्यावर अनेकांचा राग असतो: असं पाणी कुणी पाहिलंय, ही तर लबाडी. आक्षेपात तथ्य एवढंच की डोळ्याला तसं दिसत नाही. पण हवेत गोठलेला थेंब तरी कोणत्या डोळ्याने पाहिला आहे? डोळा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि शिवाय तो धारेबरोबर खाली-खाली जातो, जे तिवईवरचा कॅमेरा करत नाही. दोन्ही फोटो खरेच आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. झटपट शटर सांगतं की पाणी कसं फुटतं. रेंगाळणारं शटर सांगतं की ते कोणत्या वाटेने उतरतं, खडकाची कोणती पायरी त्याला वळवते. लबाडी शोधायचीच असेल तर ती रंगात शोधावी. फेसाळतं पाणी पांढरं दिसतं ते त्यातले हवेचे असंख्य बुडबुडे सगळे रंग सारखेच विखरतात म्हणून. त्यावर मोबाइलमधल्या फिल्टरने ओतलेला निळा रंग कोणत्याच धबधब्यात नसतो.

आता मोबाइलचा आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो वजनदार आहे. आजचा मोबाइल एका बटणावर अनेक फोटो टिपून त्यांचा एक करतो, अंधार-उजेड सावरतो, धबधबाही रेशमी करून देतो. मग कोन आणि शटर यांची विद्या हवी कशाला? वेळेच्या बाबतीत मी हे बव्हंशी मान्य करते. अनेक लहान क्षण जोडून एक मोठा क्षण करणं यंत्राला उत्तम जमतं. पण आरसा आणि खिडकी यांचं तसं नाही. पाण्याच्या एकाच ठिपक्यातून आकाशाचा परतलेला प्रकाश आणि आतून आलेला प्रकाश एकत्र होऊन कॅमेऱ्यात शिरतात, आणि तिथे त्यांची नुसती बेरीज उरते. बेरजेवरून मूळचे दोन आकडे सांगता येत नाहीत. यंत्राने सांगितले तर तो अंदाज असतो, पाहिलेली गोष्ट नव्हे. दूध आणि पाणी वेगळं करणारा राजहंस आपल्या काव्यात आहे, पण त्यालाही चोच लावावी लागते. पोलरायझर ही ती चोच. निवड प्रकाश आत शिरण्याआधी होते, म्हणून ती खरी. काठावरून एक पाऊल पुढे टाकून नजर खाली वळवणं हीही तशीच निवड, आणि ती फुकट आहे.

दुसरा आक्षेप असा की सहलीला गेलेल्या माणसांनी अंश आणि टक्के मोजत बसावं काय, आणि शेवटी जागेला काही महत्त्व आहे की नाही? आहे. टेकड्यांच्या कुशीतलं पाणी माळावरच्या पाण्यापेक्षा वाऱ्यापासून जास्त सुरक्षित, म्हणून आरसा होण्याची त्याची तयारी जास्त. पण ही तयारी पहाटे असते आणि ऊन चढून वारा सुटला की मोडते. पुढचं ठिकाण गाठण्याच्या घाईत नेमकी तीच वेळ गाडीत जाते. मोजमापाचं म्हणाल, तर ते पाठ करायची गरज नाही, फक्त दोघांनी वेगवेगळ्या जागी उभं राहायचं. इंद्रधनुष्य घ्या. सूर्य पाठीशी आणि समोर तुषार असले की आपल्या डोक्याच्या सावलीपासून 42 अंशांवर ते उमटतं. डोकी दोन, म्हणून धनुष्यंही दोन. बायको बरोबर धनुष्याच्या पायथ्याशी उभी आहे असा फोटो नवऱ्याने काढला, तरी तिला त्या जागी काहीच दिसत नसतं. तिचं धनुष्य तिच्यासमोर दुसरीकडेच असतं. आणि हा प्रकाशही जोरदार ध्रुवीभूत असल्यामुळे पोलरायझर चुकीच्या बाजूला फिरला तर कमान चक्क नाहीशी होते.

कोन साधला की फोटो आठवणीपलीकडेही उपयोगी पडतो, आणि या भागात तर फारच. नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. कोहळी समाजाने बांधलेले असे हजारो तलाव आणि बोड्या (लहान तळी) भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. गाळ, बेशरमचं रान, शेवाळ यांनी त्यांतल्या अनेकांचा श्वास कोंडला, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात त्याची खबर सगळ्यांत आधी येते. ती खबर रंगातही असते: शेवाळाने पाणी हिरवट होतं, गाळाने तपकिरी, आणि कुजलेल्या पाल्याने चहासारखं. पण हा रंग खिडकीतून येतो, आरशातून नाही. म्हणून पाण्याचा रंग मोजणारे शास्त्रज्ञ सूर्याकडे पाठ करतात, पण पूर्ण नाही. सूर्याच्या दिशेपासून सुमारे 135 अंश वळतात आणि उभ्या रेषेपासून 40 अंश कलून पाण्याकडे पाहतात, म्हणजे चकाकीही टळते आणि स्वतःची सावलीही. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं ‘हायड्रोकलर’ हे मोबाइल ॲप वापरणाऱ्याला याच कोनात उभं करतं आणि तीन फोटो मागतं: पाण्याचा, आकाशाचा आणि फोटोग्राफर वापरतात त्या करड्या कार्डाचा. त्यावरून पाण्याच्या गढूळपणाचा अंदाज निघतो. कार्ड आडवं, सपाट आणि सावलीबाहेर असावं लागतं, आणि मोबाइल हलता कामा नये. पाळीवर एकट्याने हे जमतं, पण कार्ड धरायला दुसरं कुणी असलं तर बरं.