फोन उशाशी, झोप वेशीवर

"नाईट मोड चालू आहे ना, आई!" रात्री साडेअकराला अंधाऱ्या खोलीतून येणारं हे उत्तर आता घरोघरी ऐकू येतं. त्यामागची समजूत अशी, की सगळा दोष निळ्या प्रकाशाचा. पडदा पिवळसर केला की चिंता मिटली.

प्रकाशाचा परिणाम खोटा नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी निळ्या छटेने विशेष जाग्या होतात आणि मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात. मग रात्रीची वर्दी देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवतं. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रयोगात बारा जणांनी झोपण्याआधी रोज चार-चार तास उजळ पडद्यावर पुस्तकं वाचली, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली.

दहा मिनिटं! आपली मुलं तर तास-दीड तास जागी असतात. तो वेळ प्रकाश खात नाही, पडद्यावर जे चाललंय ते खातं. ग्रुपवर कुणी काय लिहिलं, गेममधला पुढचा डाव, न संपणारे रील्स. डोळे जड झालेले असतात, पण थांबण्याची जागाच येत नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ११ ते १४ वर्षांच्या ७९ मुलांच्या संध्याकाळी आणि रात्री कॅमेऱ्याने टिपल्या. अंथरुणात शिरण्याआधीच्या दोन तासांत पडद्यासमोर घालवलेल्या वेळाने त्यांच्या झोपेत फारसा फरक पडला नव्हता. अंथरुणात शिरल्यानंतरच्या वेळाने पडला होता. म्हणजे संध्याकाळभर फोनवरून वाद घालण्यापेक्षा तो गादीवर जाऊ न देणं जास्त मोलाचं.

दुसरी समजूत मला जास्त खुपते: "आळशी झालाय, फोनमुळे सकाळी उठवत नाही." वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, फोन नसलेल्या मुलांचंही. रात्री अकराच्या आत झोप येणं अनेकांना जड जातं, आणि या वयाला गरज असते आठ ते दहा तासांची. सातच्या कॉलेजसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलीचा हिशेब करून बघा: फोनला हात न लावताही ती साडेसहा तासच झोपते. फोन त्या तोकड्या झोपेतूनही वाटा काढून घेतो. हे उशिराचं घड्याळ ध्यानात घेऊनच कॅलिफोर्नियात २०२२पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊनंतर भरवण्याचा निर्णय झाला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिराचं आहे, ती मोठी मुलं त्यात नाहीत.

"रविवारी झोप भरून काढतो" हेही अर्धंच खरं. तास-दोन तास जास्त झोपल्याने थकवा उतरतो. पण दुपारी बारापर्यंत लोळलं की घड्याळ आणखी पुढे जातं, आणि रविवारी रात्री झोप रुसून बसते.

"पण गजर फोनमध्येच आहे," असं मुलं म्हणतात, आणि ही अडचण खरी आहे. गजराचं साधं घड्याळ बाजारात आजही स्वस्तात मिळतं. ते आणावं, आणि रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे आईबाबांचेही.