नाबोथाचा मळा आणि आपली सही

गुन्हेगारीवरील कादंबरी भाविकाने वाचावी काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. खून, कारस्थान आणि पैसा यांनी भरलेल्या कथेतून आत्म्याला काय लाभणार, ही त्यामागील शंका. तिचे उत्तर पवित्र शास्त्रातच सापडते. जमिनीच्या लोभातून घडलेल्या खुनाची एक प्राचीन कथा जुन्या करारात, राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे.

इज्रेल गावी अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने मोबदला देऊ केला; परंतु वाडवडिलांचे वतन देणे नाबोथाला मान्य नव्हते. राजा रुसून बसला. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावे, त्याची मोहर लावून, गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे धाडली. उपवासाची घोषणा झाली, सभा भरली, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथाला दगडमार करून ठार करण्यात आले. मळ्याचा ताबा घ्यायला गेलेल्या अहाबासमोर एलिया संदेष्टा येऊन उभा राहिला.

या कथेत राजाने दगड उचलला नाही, राणीनेही नाही. ते काम गावातील प्रतिष्ठितांनी केले, तेही रीतसर, धार्मिक विधीच्या आवरणाखाली. राणीचे पत्र परत पाठवणारा एकही वडीलधारा तेथे निघाला नाही. जमिनीच्या गुन्ह्याचे खरे स्वरूप हेच आहे, असे आम्हांस वाटते. त्यात खलनायक एखादाच असतो. सह्या मात्र अनेकांच्या असतात.

हेच सत्य आपल्या काळात अरविंद अडिगा यांच्या 'लास्ट मॅन इन टॉवर' या इंग्रजी कादंबरीने मांडले आहे. 2008 साली बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाची ही कादंबरी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईतील वाकोला येथील विश्राम सोसायटी ही मूळची कॅथलिक कुटुंबांची वसाहत. पुढे तेथे इतर धर्मीयही राहू लागले. धर्मेन शाह नावाचा बिल्डर जुनी इमारत पाडण्यासाठी रहिवाशांना भरघोस रक्कम देऊ करतो. अट एकच, सर्वांची संमती हवी. पिंटो दांपत्याला घर सोडायचे नसते, कारण दृष्टिहीन श्रीमती पिंटो यांना त्या इमारतीची पायरी न् पायरी ठाऊक असते. त्यांच्यासाठी निवृत्त शिक्षक 'मास्टरजी' नकार देतात. पुढे पिंटो दांपत्य दबावापुढे नमते, समाजसेविका असलेल्या श्रीमती रेगोही माघार घेतात. मास्टरजी एकटे उरतात आणि अखेरीस शेजारीच त्यांचा जीव घेतात.

हे शेजारी मुळात वाईट नाहीत. एकीला आपल्या मतिमंद मुलाच्या भवितव्याची काळजी आहे, इतरांनाही आपापल्या अडचणी आहेत. प्रत्येकाचे कारण समजण्याजोगे आहे. म्हणूनच ही कादंबरी वाचकाला अस्वस्थ करते. आपणही त्या जिन्यावर उभे असतो, तर काय केले असते?

कादंबरीतील गोष्ट वसईच्या किनारपट्टीला अपरिचित नाही. विहिरींच्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या बागा आणि भाजीचे मळे इमारतींखाली जाऊ लागले, टँकर भूजल उपसून नेऊ लागले, तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. 2020 साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर 25 जुलै 2024 रोजी प्रभुचरणी विलीन झाले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने नालासोपारा पूर्व येथील 41 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. 2025 च्या आरंभी त्या जमीनदोस्त झाल्या आणि पै पै साठवून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. राखीव भूखंडावर 41 इमारती एका रात्रीत चढत नाहीत.

जामनेर, भुसावळ, धुळे येथील आमचे वाचक म्हणतील, समुद्र आमच्यापासून दूर आहे. खरे आहे, कांग नदीच्या काठी भरती येत नाही. परंतु कुंपणच शेत खाते, ही म्हण काळ्या कपाशीच्या रानातही तितकीच लागू पडते. जळगावच्या घरकुल योजनेचे उदाहरण समोर आहे. गोरगरिबांच्या घरांसाठी आखलेल्या त्या योजनेतील गैरव्यवहाराबाबत 2006 साली महापालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद दिली. धुळे येथील विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री होते, तसेच माजी नगरसेवकही होते. त्या निकालाविरुद्ध अपिले झाली, हेही नमूद केले पाहिजे. आम्हांस येथे एवढेच दाखवायचे आहे की, नगरपालिकेच्या सभागृहात वर जाणारा प्रत्येक हात ही एक सही असते. आणि फिर्याद देणारा एक अधिकारीही पुष्कळ काही करू शकतो.

सामान्य माणसाच्या हाती काय आहे? जमिनीचा व्यवहार वा वारसा नोंदवताना तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही नोटीस न वाचता बाजूला ठेवल्याने अनेक विधवांचे व परगावी राहणाऱ्या भावंडांचे हक्क हिरावले जातात. म्हणून आपला सातबारा वेळोवेळी पाहावा, न वाचता कशावरही अंगठा वा सही करू नये आणि ओळखीखातर पंच किंवा साक्षीदार म्हणून उभे राहू नये. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा तलाठी कार्यालयातही लागू आहे.

चौथ्या शतकात मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी नाबोथाच्या कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून आपल्या काळातील धनवंतांना जाब विचारला. त्याच ग्रंथाचा आधार घेत पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या 'पॉपुलोरुम प्रोग्रेसिओ' या विश्वपत्रात, खाजगी मालमत्तेचा हक्क हा निरपेक्ष नाही, असे शिकवले. ख्रिस्तसभेने ही कथा कधी जुनी होऊ दिलेली नाही.

एलिया होण्याचे पाचारण सर्वांना नसेल. परंतु इज्रेलच्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने जरी ते पत्र परत केले असते, तरी नाबोथ कदाचित वाचला असता. तसे पत्र आपल्या हाती आले, तर ते परत करण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.